हो कोण म्हणालं

मी प्रेसमध्ये आवक-जावक बघायचो, नाशिकरोडला.
तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट छापणारे हात वेगळे;
माझ्याकडे लिफाफे, आणि एक जाड रजिस्टर
ज्याच्या डाव्या पानावर दिल्ली यायची
आणि उजव्या पानावरून दिल्लीला जायची.

त्र्याण्णवच्या मार्चात शांताराम ताजणे गेला, शाई खात्यातला.
सकाळच्या भोंग्याला आत,
दुपारच्या भोंग्याआधी बाहेर, चौघांच्या हातांवर.
त्याच्या बायकोचा, यमुनाबाईचा, अनुकंपेचा अर्ज
मीच चढवला. जावक एकशे बारा.
कोटा भरलेला होता.
नियम शिथिल करायचा तर दिल्लीनंच करायचा.

दर सोमवारी ती चेहेडीहून यायची,
मोठ्या पोराच्या सायकलवर मागे बसून.
"कुठंवर गेलं, भाऊ?"
मनमाड, भुसावळ, खंडवा सांगावं तसं मी सांगायचो:
सेक्शन ऑफिसरकडे आहे.
अवर सचिवांकडे.
उपसचिव रजेवर.
सहसचिवांनी कोपऱ्यात लिहिलंय, कृपया बोलावे.
बोलले असतील तर खाली आलं असेल,
खाली आलं असेल तर आता पुन्हा वर जाईल.
मग एकदा, अर्थ खात्यानं कार्मिक खात्याचं मत मागवलंय.
"दोन्ही सरकारच ना?"
हो.
"मग एकमेकांना ओळखत नाहीत?"
ओळखतात, बाई. म्हणून तर लेखी विचारतात.

अकरा महिन्यांनी आदेश आला
आणि त्याला चुकून टाचून आली
टिप्पणीची हिरवी पानं.
वाचू नयेत. मी डबा खाता खाता वाचली.
सादर. पूर्वोदाहरण पाहावे. पाहिले.
पडताळून पुन्हा सादर.
मान्य करण्यास हरकत नसावी.
हरकत दिसत नाही.
खाली एक आडवी रेघ, तारीख,
आणि एकही अक्षर नसलेली सही.
सतरा पानांत "हो" हा शब्द कुठेच नव्हता.
हरकत नसत नसत ते हो झालं होतं.

आदेशाच्या शेवटी मात्र ठसठशीत टाईप केलेलं,
राष्ट्रपतींच्या आदेशाने व त्यांच्या नावाने,
आणि सही कुण्या रा. ना. माथुरांची, अवर सचिव.
यमुनाबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.
"त्यांनी वाचलं असंल ना, माझं नाव?"

शाळेतल्या नागरिकशास्त्रात एक आकृती होती:
वर राष्ट्रपतींची चौकट, खाली पंतप्रधान,
खाली मंत्रिमंडळ, खाली खाती,
सगळे बाण वरून खाली.
मास्तरांनी ती फळ्यावर डस्टरच्या कडेनं काढली होती, सरळ रेघांसाठी.
अर्ज खालून वर चढतो तो बाण
आकृतीत नव्हता.
मी तिला म्हटलं, नाव तर सगळ्यांनीच वाचलंय.

दुसऱ्या दिवशी ती द्राक्षं घेऊन आली,
दोन किलो, वर्तमानपत्रात, देठ अजून हिरवे.
"जे हो म्हणाले त्यांना पाठवा."
मी सवयीनं रजिस्टर उघडलं.
"कोणास" हा रकाना, आणि पेन तसंच हातात.
माथुरांनी फक्त सही केली.
सहसचिवांची हरकत नव्हती.
मंत्र्यांनी बहुधा रेघ मारली.
राष्ट्रपतींनी, देव जाणे.
संध्याकाळपर्यंत टेबलावर चिलटं जमली.
मग मी, गायधनी, डफेदार आणि टपालाचा पोऱ्या,
आम्ही धुऊन खाल्ली.

"पोचली का?" सोमवारी तिनं विचारलं.
पोचली.
"कुणी खाल्ली?"
सरकारनं.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसली बाई.

ती आता पासपोर्टच्या मोजणीला आहे.
ओला स्पंज, अंगठा, पान, पान, पान.
प्रत्येक पुस्तिकेत आत ते हिंदीतलं वाक्य,
राष्ट्रपतींच्या नावाने जगभरच्या सगळ्यांना विनंती
की या माणसाला वाटेत अडवू नये.
परवा सुट्टीत म्हणाली,
"भाऊ, ह्यातपण हो नाही कुठं.
अडवू नका, एवढंच."
मी काही बोलणार होतो,
तेवढ्यात भोंगा झाला.