दहावा

शेषराव ओव्हाळ दारात उभा राहिला तेव्हा
मी पेढ्यांच्या खोक्यांचे गठ्ठे मोजत होते.
पावकिलो, अर्धा, किलो.
त्यानं चपला बाहेर काढल्या.
सहा वर्षं त्या घालूनच वावरला या गाळ्यात,
पंचिंगच्या मशीनपाशी.
आता पाहुणा.

"ताई, विम्याच्या हापिसात गेल्तो.
काम सुटलं की तीन महिने कायतरी मिळतं म्हणं.
बाई म्हणली, तुमचा नंबर सांगा.
म्हणलं, कसला नंबर?"

धायरीत आमच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक आहे:
नऊ माणसं म्हणजे घरचा मामला,
दहा म्हणजे सरकार.
माझ्या हजेरीबुकात नऊ नावं आहेत,
निळ्या शाईत, वळणदार.
दहावा पाकिटात असायचा
दर सात तारखेला. व्हाउचरवर 'किरकोळ खर्च'.
सुतळी, खळ, चहा, शेषराव.

मी फसवलं नाही त्याला.
असं मी हिशेबनीसाला सांगितलं, नवऱ्यालाही.
दिवाळीला सगळ्यांसारखाच फराळाचा डबा,
पोरीच्या बारशाला पाचशे रुपये आणि झबलं.
खरंच दिलं.
झबलंसुद्धा किरकोळमध्येच आहे.

"एक कागद द्या फक्त. हितं होतो म्हणून."

कागद!
माझ्याकडे कागदाशिवाय आहे काय?
लेटरहेड ओढलं, लिहिलं,
'दाखला देण्यात येतो की'
आणि पेन तिथंच.
होता लिहिलं, तर सहा वर्षांची वर्गणी,
व्याज, दंड,
आणि मग बाकीच्या नऊजणांचीही.
नव्हता लिहिलं, तर मशीनमागच्या भिंतीवर
पाठ टेकून टेकून पडलेला तो तेलकट डाग,
बसलेल्या माणसाएवढा,
तो कोणाचा?

खुर्ची दिली, बसला नाही.
उभ्याउभ्या एक सपाट खोकं उचललं,
कडा दुमडल्या, जीभ खाचेत सरकवली.
मग दुसरं. नजर माझ्या पेनाकडे,
हात आपले आपण.
अकरा झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.
"सवय, ताई," म्हणाला, आणि ओशाळला.

मी म्हटलं, सोमवारी ये.
म्हणजे परवा.

ती अकरा खोकी अजून गठ्ठ्यात मिसळलेली नाहीत.
हिशेबनीस फोन उचलत नाही.
हजेरीबुक उघडंच आहे टेबलावर,
नवव्या नावाखाली एक ओळ कोरी,
छापखान्यानं आधीच आखून दिलेली.