काय कापायचंय?

नागदेवीच्या गल्लीत, बेअरिंगवाल्याच्या शेजारी
सात फुटांचा गाळा.
खिळ्यांवर टांगलेली पाती,
चार इंची, सात इंची, चौदा इंची.
दुपारी तासभर ऊन आत येतं,
तेवढा वेळ छतावर उजेडाच्या चकत्या हलतात.

गिऱ्हाईक म्हणतं, सगळ्यात भारी द्या.
मी विचारते, काय कापायचंय?
भारी म्हणजे भारी, तो म्हणतो.
मी पुन्हा विचारते.
बाबा याच स्टुलावर बसून
दिवसातून पन्नासदा हेच विचारायचे.
एकदा तर घरी, सवयीनं, आईला विचारलं.
तिनं न बोलता लाल भोपळा पुढे केला.

आज जालिंदर शेजवळ आला.
हा ओटे बसवतो, उंच उंच इमारतींत,
लोक राहायला येण्याआधी.
गोणपाटातलं पातं त्यानं काउंटरवर आपटलं:
ताई, दोन लाद्यांत मेलं.
काळा ग्रॅनाइट आहे, नुसताच तापतो, पुढे सरकत नाही.
याच्याहून कडक द्या.

मी कडेवरून अंगठा फिरवला.
गुळगुळीत, काचेसारखी.
हिरे आत आहेत, शाबूत आहेत,
धातूनं तोंड मिटून घेतलंय.

कडक दगडाला मऊ पातं लागतं
हे कुणाला पटत नाही.
हिरा तोच असतो,
त्याला धरून बसलेला धातू मऊ हवा.
बोथट झालेला कण त्यानं वेळेवर सोडावा,
मग मागचा उघडा पडतो.
विटेला, वाळूच्या दगडाला मात्र धातू कडक.
तिथली रेती धातूच खाते
आणि चांगले धारदार हिरे
फुकट गटारात जातात.

हे कळायला मला तीन वर्षं लागली.
बाबांना विचारलं असतं तर एका दुपारचं काम.
पण तेव्हा आम्ही बोलत नव्हतो.
ते त्या टोकाला, मी या टोकाला,
मध्ये सात फूट आणि गिऱ्हाईक.

जालिंदरला मी नवं पातं दिलं नाही.
मागे मोरीपाशी एक वीट असते,
कापून कापून पावासारखी झालेली.
म्हटलं, तोंडाला रुमाल बांध, चष्मा लाव.
पात्यावरचा बाण बघ, त्याच दिशेनं फिरू दे.
उथळ काप घे. अजून एक. अजून.
लाल धूळ उडाली,
बेअरिंगवाल्यानं शिवी घातली, आणि पंखा बंद केला.
आठव्या कापाला मी थांबवलं.
आता हात लाव.
त्यानं लावला, आणि हसला:
मांजराची जीभ!

पाणी तोडू नकोस, मी सांगत राहिले,
तो गोणपाट गुंडाळत होता.
रेटू नकोस, यंत्राचं वजन पुरे.
घरघरलं तर चालू दे,
किंचाळलं तर थांब, उचल,
हवेत फिरू दे थोडं.
हो ताई, हो ताई.
किती झाले?
विटेचे काय पैसे घ्यायचे.

संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी
तो परत आला, केसांत पांढरी धूळ.
नळाचं भोक पाडताना निघालेली
काळी चकती ठेवली काउंटरवर,
दोन बोटं जाड, कडा अशी
की गालावरून फिरवावी.
एकदाही अडलं नाही, म्हणाला,
आणि शेवटची बस गाठायला पळाला.

चकती मी पावतीबुकावर ठेवली.
पंख्यानं पानं फडफडतात, बरं वजन आहे.
बुक अजून बाबांचंच चालवते, मागची पानं कोरी आहेत.
त्यांच्या अक्षरातली शेवटची पावती
मी फाडलेली नाही:

पाते सात इंची, नग एक.
कशासाठी: विचारले.
सांगितले नाही.