उलटतपासणी

मी त्यांचे कागद उतरवले एकवीस वर्षं,
फोलिओला दोन आणे, शाई पदरची.
सोकरजी मोरोबा धैर्यवान, वकील,
राहणार नवी वाडी, ठाकुरद्वार.

कोर्टात उभे राहिले की आधी पागोट्याची कड चाचपायचे,
मग साक्षीदाराकडे न बघता
छताच्या पंख्याकडे बघत
अगदी मऊ विचारायचे,
"दिवा कुठल्या हातात होता?"
एवढंच.
आणि समोरचा दस्तऐवज, मुद्रांकासकट,
खोटा ठरायचा.

माहीमच्या धाकू भंडाऱ्याचे चौदा माड
त्यांनी असे तीन प्रश्नांत सोडवले.
फी म्हणून धाकूनं माडीचं मडकं आणलं;
बाईसाहेबांनी ते मागच्या दारानं आत घेतलं,
देवघराचं दार लोटून.

मग गव्हर्नरसाहेबांचा लखोटा आला, लाल लाखेचा.
कौन्सिलात दोन वर्षांची जागा.
परीट अंगरखा न्यायला दोनदा येऊन गेला.
मी विचारलं, तिथं काय करायचं असतं, रावसाहेब?
म्हणाले, "कायदे."
जसं कोणी म्हणावं, पापड.

टाउन हॉलच्या पायरीवर मी दप्तर धरून बसायचो.
आत पंखा तसाच, ओढणारा पोऱ्या तसाच पेंगणारा.
पण सभासदाला प्रश्न विचारायची मुभा नव्हती.
बिलावर बोला. बोलून झालं की बसा.
ज्यांचं पोट प्रश्नांवर चाललं
ते पाटावर बसून भाताला विचारायला लागले.

रात्री मला बोलावणं यायचं. "लिही."
माडाला नंबर कोणी घातला?
वाऱ्यानं पडलेल्या माडाचा कर किती दिवस?
मोजणारा शिपाई कधी माडावर चढला होता काय?
ते येरझाऱ्या घालत, समई फडफडे,
पहाटे कागद कपाटात. किल्ली जानव्याला.

माडांचं बिल आलं फेब्रुवारीत.
ते पस्तीस मिनिटं बोलले, इंग्रजीत, आकडे तोंडपाठ.
एका कलमात नोटिशीचे आठ दिवस होते,
त्याचे पंधरा करून घेतले.
बदल्यात हात वर केला.
हे त्यांनीच मला सांगितलं, व्हिक्टोरियात,
गिरगावच्या नाक्यापर्यंत गप्प राहून.

धाकू आला तो सोळाव्या दिवशी.
हातात छापील कागद; मराठी तर्जुमा माझाच.
ओटीवर टेकला नाही.
"साहेब, तुम्ही तिथं होता ना?"
एवढंच. मऊ.
रावसाहेबांनी वर पाहिलं.
ओटीला पंखा नव्हता.

पुढं नियम निघाला, सभासदांना प्रश्न विचारता येतील,
आगाऊ लेखी कळवून.
तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.
कपाट लिलावात गेलं. कागद मी उचलले, रद्दी म्हणून.
एकशे बारा प्रश्न.
त्यांचे फोलिओचे पैसे येणं आहेत अजून,
ते राहू द्या.

कधी काढून वाचतो.
अक्षर चांगलं आहे माझं.