शेऱ्याचा रकाना

शिवाजीनगरला, वेधशाळेच्या मागच्या इमारतीत,
जिथे पंखा फक्त दोनवर फिरतो,
मी अकरा वर्षं बेटांवरचा पाऊस टाइप केला.

सकाळी साडेआठ. संध्याकाळी साडेपाच.
तापमान, वाऱ्याची दिशा, मिलिमीटर.
दीपगृहांवरून आलेली जुनी रजिस्टरं,
कडा खारावलेल्या, पान उलटताना बोटाला चिकटायच्या.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो घ्यायचा नव्हता.
"आकडे तेवढे," डिंगणकर म्हणाले, "गोष्टी नकोत."

म्हणून गोष्टी मी डब्याबरोबर घरी नेल्या,
रास्ता पेठेत, वाण्याच्या उधारीच्या वहीत
मागच्या बाजूने उतरवल्या.

कासवखडप दीपगृह. निरीक्षक हरेश्वर चोगले.
अक्षर उजवीकडे कललेलं, शिडात वारा भरल्यासारखं.

जुलै ७. बोट आली नाही.
जुलै ९. बोट आली नाही. तांदूळ आहे, काडेपेटी ओली.
जुलै १२. समुद्र मोजण्यासारखा नाही.
जुलै १७ नाही. पान बकरीने खाल्लं.
जुलै १८. बकरीला बोललो नाही. दुसरं कोण आहे इथे.
जुलै २३. बेट आली नाही.

इथे मी थांबले.
घाईत एक काना राहून गेला होता.
एक उभी रेघ, डोलकाठीएवढीसुद्धा नाही,
ती पुसली की बोटीचं बेट होतं.
दुरुस्त करायला रबर हातात घेतलं,
आणि पेन्सिल कुणाची, रबर कुणाचं, असं वाटून ठेवून दिलं.

जानेवारीत रजा टाकली. कारण: खाजगी.
स्वारगेटहून रात्रीची एसटी. ताम्हिणीतच पोट ढवळलं,
समुद्र अजून ऐंशी किलोमीटर लांब.
दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीत
कोंबड्यांचा एक टेम्पो, फुलं सुकलेली नवरदेवाची गाडी,
आणि पर्स पोटाशी धरून मी.

पुढे दाऊद पेवेकरची होडी.
"आज अष्टमी. भांगाचं पाणी.
दहाच्या आत उतरा, नाहीतर तळ खडपावर बसेल."
त्याला तिथ्या पाठ. मला फक्त चतुर्थी माहीत,
तीही मोदकांपुरती.

बेटाला धक्का नाही.
लाट होडीला वर उचलते, तेव्हा उडी मारायची.
"आता का?" मी विचारलं.
"विचारलंत ना, गेली ती."
तिसऱ्या लाटेला गुडघा फुटला आणि मी पोचले.

वर एक पांढरा खांब, सौर पट्टी, काटेरी कुंपण.
यंत्र दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवतं,
थेट पुण्याला. माझ्याच मजल्यावर.
खोलीला छप्पर नाही. आत निवडुंग उगवलेला.
चोगल्यांचं काही, म्हणजे काहीच, नव्हतं.

"चोगले?" दाऊद परतताना म्हणाला, "असे बरेच येऊन गेले.
एकाची बकरी होती म्हणे. बदली झाली तेव्हा
आमच्या आजोबाने आणली. होडीत ओरडत होती फार."
किनाऱ्यावर, जाळ्यांच्या ढिगावर उभी होती एक करडी.
"ही तिची खापरपणती असेल. नाहीतर नसेल."
मी हात पुढे केला.
तिने फेरीबोटीचं तिकीट खाल्लं,
तारखेसकट.

सोमवार, साडेआठ. पंखा दोनवर.
कासवखडप: एकवीस पूर्णांक चार, वारा ईशान्य, पाऊस निरंक.
पडद्यावर पुढे रकानाच नाही.
मी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी सरकवली:

बोट आली.
एकच माणूस उतरला, तोही उशिरा.
बकरीचं बरं चाललंय.