विरजण

जुन्या बनियनचे दोन तुकडे केले,
शाळेतल्या बाईंनी पोरांना सांगितलं होतं तसे.
एक पुरला बांधावर, जांभळाच्या बुडात,
एक कोबीच्या वाफ्यात, वीतभर खोल.

दोन महिन्यांनी कुदळ मीच मारली.
जांभळाखालून निघाली नुसती शिवण,
नायलॉनचा दोरा, गळ्याच्या आकारात वळलेला.
बाकीचं सगळं खाऊन
माती ओठ पुसून बसली होती.

कोबीखालचा तुकडा
झटकून वाळत घालावा असा.
निळ्या दोऱ्यानं मी काढलेला भ,
भरमाण्णाचा भ,
अजून वाचता येत होता.

माती जेवली नव्हती.

भरमाण्णा म्हणाला, बरंच की, कापड टिकतंय.
पण हसला नाही.
काळी कूज आली तेव्हापासून चार वर्षं
सहा ग्रॅमच्या पुड्या बादलीत त्यानंच विरघळवल्या.
माणसाचंच औषध आहे हे, दुकानदार म्हणालेला.
वर शेडमधलं कोंबडखत, ट्रॉलीवर ट्रॉली;
त्यांनाही पाण्यातून रोज तेच,
कधी न शिंकलेल्या कोंबड्यांना.

बेळगावहून मातीचा कागद आला, कन्नडात.
शिवक्कानं बोट ठेवून वाचला:
नत्र बरं, स्फुरद भरपूर, पालाश मध्यम.
आत जिवंत किती, याचा रकाना नव्हता.
तिनं कागद उलटून मागची बाजूही बघितली.

आमचा सोमनाथ तापातून उठला तेव्हा
पाच दिवसांच्या कॅप्सुलांनी त्याच्या तोंडाची चव गेलेली.
वडगावच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं नाही, तोंडीच सांगितलं:
दही द्या. पोटातले चांगले मेलेत त्याच्या.
चांगले म्हणजे कोण,
ते तेव्हा मी विचारलं नव्हतं.

काल दिवेलागणीला वाटी घेऊन बांधावर गेले,
शेजारणीकडं विरजण मागायला जावं तशी.
जांभळाखालची माती. ओली, वासाची,
पांढऱ्या तंतूंचं जाळं, एक पळती गोम.
कोबी काढलेल्या वाफ्यात कालवली,
वर पाला अंथरला.

दोन एकराला वाटीभर? भरमाण्णा दारातून.
पातेलंभर दुधाला किती लागतं?

तो काही बोलला नाही.
कोनाड्यात एक पुडी अजून शिल्लक आहे,
ती त्यानं फेकलेली नाही, मीही नाही.

या खेपेला माझ्या पातळाचा तुकडा पुरलाय.
मी मधेच उकरून बघत नाही.
हलवलं की लागत नाही.