टकलीची वाट

पहिल्या दिवशी कुत्री न घेता गेले.
नवी वाट आधी आपण चालायची, मग त्यांना न्यायचं,
धंद्यात मी हा एकच नियम केला.
बाकीचे कुत्र्यांनी केले.

लष्करात तिला गंजी टेकरी म्हणतात,
आमच्या घरी नुसतीच टकली.
खालच्या हापशापासून वरच्या मोडक्या चौथऱ्यापर्यंत
माझी अकराशे चाळीस पावलं.
सुलूचे पाय चार चार बोटांचे,
तिची पाच हजार धरली.

एप्रिलची सतरा. सकाळचे पावणेसात.
चपला काढून हातात घेतल्या.
चपला खोटं बोलतात.

सुरुवातीला माती,
रात्रभर झाकून ठेवलेल्या कणकेसारखी गार.
मग सराटे.
डाव्या टाचेत तीन, उजव्या अंगठ्याशी एक.
बसून काढले आणि वहीत मांडले,
कारण बुलेट पायाला हात लावू देत नाही,
लंगडत घरी जातो आणि मालक माझ्याकडे बघतात.

मग दगड. तोच पिवळट दगड,
ज्याच्या फरश्या ग्वाल्हेरात प्रत्येकाच्या अंगणात,
ज्यांच्यावरून मेच्या दुपारी आम्ही पोरं
टाचा उचलून नळापर्यंत पळायचो.

सावली: एक करधई, पानं गळालेली.
सावली कसली, जमिनीवर पडलेल्या भेगा.
पाणी: वर नाही.
हापशाच्या दांड्याला दोन हात लागतात,
माझ्या एका हातात तीन दोऱ्या असतात.

सहाशे पावलांनंतर उजवीकडे जमीन संपते.
कठडा नाही.
ओढणीने मोजलं, वाट दीड हात रुंद.
खाली बाटल्या, पतंगांच्या काड्या,
कुणाची तरी निळी बादली, तिथे कशी पोचली कोण जाणे.
समोर किल्ला लांबच लांब पडलेला,
त्याला या असल्या हिशेबाशी काही घेणंदेणं नाही.

"क्या नाप रही हो? प्लॉट कटेंगे?"
बकऱ्यांमागचा पोरगा, दातात काडी.
कुत्र्यांसाठी, म्हटलं.
तो इतका हसला की दोन बकऱ्या वळून बघायला लागल्या.
मग हसू आवरून म्हणाला,
उतरताना इकडून नको, मागून उतरा,
कपारीखालून, आठपर्यंत तिथे ऊन येत नाही.
नाव विचारलं. पंजाब सिंग, म्हणाला. वय असेल बारा.
वहीत लिहिलं: बकऱ्यांची वाट, पंजाब सिंग यांच्या सांगण्यावरून.

आठ वाजता उलटा हात दगडावर टेकवला.
सातपर्यंत टिकला पाहिजे.
पाचला उचलला.

आता राहिला बाजी.
तेरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
फणसेबाई म्हणाल्या होत्या,
एकदा वर ने गं, वारा लागू दे त्याला,
कूलरच्या वाऱ्याला वास नसतो.

पुन्हा कड्याशी गेले आणि डोळे मिटले.
एक पाऊल. दोन.
वाटेच्या मध्ये दगड घासून गुळगुळीत झालाय,
कडेला बारीक खडी, टोचते.
आणि वारा एकाच बाजूने येतो,
जिथे जमीन नाही तिथून,
खालच्या उकिरड्याचा, बकऱ्यांचा, दूरच्या भट्टीचा वास घेऊन.
नऊ पावलं गेले.
"ओ दीदी!" पंजाब सिंग ओरडला,
त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं.

घरी येऊन वही पुरी केली.
सुलू: हो, दगडावर उचलून.
बुलेट: हो, सराटे संपेपर्यंत मोजे घालून.
मोजे चावेल. जास्तीचा जोड.
सगळे सातच्या आत वर, आठच्या आत खाली.
मेपासून बंद.

बाजीच्या नावापुढे बराच वेळ पेन नुसतं टेकवून ठेवलं,
तिथे शाईचा ठिपका झालाय.
मग लिहिलं: दोरी आखूड.
आणि त्याच्याखाली, स्वतःला सूचना:
तू उजवीकडून चाल.