तडतड

पेनरिनच्या खाडीकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये
होडीचा तिसरा तुकडा साच्यातून सुटला
आणि डेन्झिलने टॉर्च आडवा धरला.
समोरून पाहिलं तर तपकिरी, तुकतुकीत.
आडव्या उजेडात मात्र
देवी येऊन गेलेला चेहरा:
टाचणीएवढी छिद्रं, शेकड्यांनी,
आणि कोपऱ्यात तळहाताएवढा कोरडा डाग
जिथे रेझिन पोचलंच नाही.

"लीक," तो म्हणाला. तो नेहमी लीकच म्हणतो.
चाळीस वर्षं काचेच्या तंतूंशी संसार केलेला माणूस.
काच पाणी पीत नाही.

पंप बंद करून आम्ही रांगलो पिशवीच्या कडेकडेने,
प्लॅस्टिकला कान लावून,
आत कुणी आजारी निजलंय अशा बेताने.
चिकटपट्टीची एक घडी सापडली, सुसकारे टाकणारी.
दाबली. काटा वीस मिनिटं जागचा हलला नाही.
चौथा तुकडा: डाग गेला,
छिद्रं तशीच.

रेझिनमधली हवा काढली. नळी चिमटून धार संथ केली.
पाचवा. छिद्रं.

मी वही उलटी चाळली. एक रकाना
पहिल्या पानापासून रिकामा: हवेतली आर्द्रता.
बाहेर आठवडाभर ती भुरभुर,
जिला इथले लोक पाऊस म्हणायला तयार नाहीत,
आणि कापडाचा गठ्ठा दाराशी उभा,
पाहुण्यासारखा, कोट न काढता.

कापड जवसाचं.
मला तरी कळायला हवं होतं.
दारव्ह्याला जवस म्हणजे चटणी;
बी डब्यात, काडी चुलीत.
आई म्हणायची, तडतडू दे,
तडतड थांबली की उतरव,
ओलं राहिलं तर लगदा होईल.
तडतड म्हणजे आतलं पाणी निघून जाणं
हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

निर्वातात पाणी गारच उकळतं.
एकेक धागा आपला घोट धरून बसलेला
आणि आम्ही गळती बाहेर शोधत होतो.

तुकडा कापला. चारशे बारा ग्रॅम.
चार तास भट्टीत. तीनशे एक्याऐंशी.
डेन्झिलने काटा पुसून पुन्हा वजन केलं.
दोन पळ्या पाणी. "एवढं?"
नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही,
मग म्हणाला, लीकच, पण आतलं.

सहावा आम्ही गरम गरम नेला, धावत,
भाकरी तव्यावरून ताटात जावी तसा.
पिशवी, पट्टी, पंप.
रेझिनची गडद कड कापडातून सरकत गेली,
आम्ही चहा विसरलो.

सकाळी टॉर्च आडवा.
साफ. कडेला फक्त पाच छिद्रं, कमानीत.
डेन्झिलने आपली बोटं ठेवून पाहिली. जुळेनात.
मग माझ्याकडे पाहिलं.

कापड तापलंय का हे बघायला
मी हातमोजा काढला होता, क्षणभर.

तो लांबीचा डबा उघडू लागला.
म्हटलं, थांब,
आधी वहीत लिहू दे.